पिस्कॅटवेत भेटलेला रोमन मास्तर

गेल्या एप्रिलपर्यंत मी कुणालाही छातीठोकपणे सांगत असे, की बोलून पटवता येणार नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. कराडच्या एका शाळेत मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं आणि तेवढीच वर्षं मुलांना वक्तृत्व स्पर्धांसाठी तयार केलं. भाषण मी लिहायचं, तांबड्या पेन्सिलीने त्यावर खुणा करायच्या आणि मुलांनी ते घडाघडा म्हणायचं, अशी माझी पद्धत. उभी रेघ म्हणजे थांबा, वर जाणारा बाण म्हणजे उजवा हात उचला, गोल म्हणजे श्रोत्यांकडे बघा. या तीन खुणांच्या जोरावर आमच्या शाळेने जिल्ह्यातल्या ढाली घरी आणल्या. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्या ठेवायला जागा उरली नव्हती.

विलासराव शिंदे यांचं कराडात पंपाच्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार त्यांच्याकडे टाकली की दोन दिवसांत नव्यासारखी फिरते. माणूस कामाचा पक्का, पण बोलायला कंजूष. त्यांची एकुलती एक मुलगी शर्वरी ही माझी सर्वांत गुणी विद्यार्थिनी. सातवीत ती जिल्ह्यात पहिली आली, पुढे पुण्यात इंजिनिअर झाली, अमेरिकेत आणखी शिकली आणि तिथेच एका कंपनीत लागली. विलासरावांनी काउंटरमागे तिचा पदवीच्या झग्यातला फोटो लावला. आणि सहा वर्षांपूर्वी शर्वरीने ती नोकरी सोडली आणि पुन्हा विद्यार्थिनी झाली. पीएचडीचा विषय काय, तर दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये पोरांना भाषण करायला शिकवणारा एक मास्तर! त्या दिवसापासून बापलेकींचं बोलणं बंद. आई तेवढी दुपारी, विलासराव दुकानात असताना, चोरून फोन करायची.

मार्चमध्ये एका सकाळी संगमावर फिरताना विलासरावांनी स्वतःहून विषय काढला. शर्वरीचं शिक्षण संपत आलं होतं. जुनी कंपनी तिला परत बोलवत होती, आणि ओहायोतल्या डब्लिन गावाजवळचं एक छोटं कॉलेज तिला लॅटिन आणि भाषणकला शिकवायला बोलवत होतं. एप्रिलअखेर तिला कुठेतरी होकार कळवायचा होता. माझी बायको आधीच टेक्सासला मुलाकडे गेली होती आणि मीही निघालोच होतो.

"सर, वाटेत नऊ दिवस तिच्या गावी, न्यूयॉर्कजवळच्या पिस्कॅटवेला थांबा," विलासराव म्हणाले. "तुमचं ती ऐकेल. कंपनीत परत जा म्हणावं तिला. गेली, तर मी तिचा फोन घेईन. आमच्या घरात मास्तर नको."

मी त्यांच्या हातावर टाळी देऊन शब्द दिला. ते शेवटचं वाक्य ते एका मास्तराला म्हणाले होते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा विमान अरबी समुद्र ओलांडत होतं.

पिस्कॅटवे, गुरुवार आणि शुक्रवार

न्यूअर्कच्या विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, खाण्याचं काही आणलंय का. शर्वरीच्या आईने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा माझ्या पिशवीत होता. मी त्या चटणीवर इंग्रजीत बोलू लागलो. तिचं साहित्य, तिचा टिकाऊपणा आणि आमच्या भागातल्या जेवणातलं तिचं स्थान इथवर आलो, तेव्हा त्याने हात वर करून मला थांबवलं आणि बाहेरचं दार दाखवलं. अमेरिकेतलं माझं पहिलं भाषण असं यशस्वी झालं.

शर्वरी एका मैत्रिणीबरोबर लहानशा खोलीत राहते, म्हणून तिने माझी सोय प्राची आणि मिलिंदकडे केली होती. दोघेही नागपूरचे. प्राची पूर्वी शर्वरीबरोबर त्याच कंपनीत होती. त्यांची आठ वर्षांची मुलगी ईरा दारातच उभी होती. मला नखशिखांत न्याहाळून ती आईला म्हणाली, "मम्मा, ही इज शर्वरी मावशीज टीचर? ही लुक्स सो स्ट्रिक्ट!"

"ईरा, मराठीत बोल न," प्राची म्हणाली. "सर, तुम्ही आता रेस्ट करा. जेट लॅगशी फाइट करायचं नाही."

कराडला लोक उन्हाने हैराण झाले असतील आणि इथे मी घरातसुद्धा कानटोपी घालून बसलो होतो. झाडं अजून उघडीबोडकी होती. काही झाडांना मात्र पानांच्या आधीच पांढरी, गुलाबी फुलं फुटली होती. घरांना कुंपण नाही, त्यामुळे कुणाचं अंगण कुठे संपतं ते हरणांनाच ठाऊक. मी चहा पीत असताना तीन हरणं मागच्या अंगणात आली. मी हरखून मिलिंदला हाक मारली. तो वैतागून म्हणाला, "लांबून क्यूट दिसतात सर, पण आमचे सगळे ट्यूलिप फिनिश केले त्यांनी." आमच्याकडे गाढवांबद्दल लोक याच सुरात बोलतात.

संध्याकाळी शर्वरी आली आणि वाकून नमस्कार केला. केस आखूड, डोळ्यांवर चष्मा, बाकी चेहरा तोच. मी डबा पुढे केला. प्राचीने त्यावरची पट्टी कापायला कात्री आणली, पण शर्वरीने कात्री बाजूला ठेवली. डब्याभोवती पांढरी सुती पट्टी आवळून गुंडाळलेली होती. तिने नखाने गाठ शोधली आणि थोडा वेळ तशीच बघत राहिली.

"ही आईची गाठ नाही, सर," ती म्हणाली. "मोटारच्या कॉइलला गुंडाळतात ना, ती पट्टी आहे. असं फक्त बाबा बांधतात."

कराडपासून तो डबा मी मांडीवर सांभाळत आणला होता, पण हे माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. शर्वरीने पट्टी न कापता सोडवली आणि तिची नीट गुंडाळी करून जॅकेटच्या खिशात ठेवली. मग आम्ही चटणी आणि भात खाल्ला.

शुक्रवारी मी एकटाच विद्यापीठाच्या बसने तिला भेटायला निघालो. विद्यापीठ केवढं, तर आपले दोन तालुके मावतील. बस फुकट आहे म्हणून मी समोर आली तिच्यात बसलो. पाऊण तासाने बस जिथून निघाली तिथेच परत आली. शेजारी बसलेल्या सांगलीच्या मुलीने बॅकपॅक सावरत मला धीर दिला, "काका, डोन्ट वरी, पहिल्या सेमला मीपण हेच केलेलं." तिने मला योग्य बसमध्ये बसवून दिलं.

शर्वरीच्या गाईड म्हणजे मार्था बाई. साठीच्या, उंच, पायात बूट धावण्याचे. शर्वरी त्यांना सरळ "मार्था" म्हणत होती आणि मी प्रत्येक वेळी दचकत होतो. आमच्याकडे एखाद्या विद्यार्थ्याने मला नावाने हाक मारली असती तर त्याच्या बापाला शाळेत यावं लागलं असतं. मार्था बाईंनी मला विचारलं, "शर्वरीला बोलायला तुम्ही शिकवलंत?" मी अभिमानाने हो म्हटलं. त्या हसून म्हणाल्या, "पहिलं वर्षभर ही प्रत्येक वाक्यानंतर थांबून आम्हा सगळ्यांकडे बघायची. आम्हाला वाटायचं, टाळ्या वाजवायच्या आहेत."

ती माझी गोलाची खूण होती. शर्वरीने खाली बघत हसू दाबलं. मीही हसलो, पण मला ते लागलं.

तिथेच मला त्या रोमन मास्तराची पहिली ओळख झाली. त्याचं लॅटिन नाव इतकं लांब आहे, की माझ्या कवळीत अडकतं. म्हणून मी त्याला रोमन मास्तर म्हणतो. हा मूळचा स्पेनचा, म्हणजे रोमच्या लोकांच्या दृष्टीने बाहेरगावचा. रोममध्ये त्याने वकिली केली आणि वीसेक वर्षं शिकवलं. वक्तृत्व शिकवण्यासाठी सरकारी तिजोरीतून पगार मिळालेल्या पहिल्यावहिल्या मास्तरांपैकी तो एक. आमच्या शाळेला अनुदान मिळेपर्यंत माझं डोकं पांढरं झालं, त्यामुळे या माणसाविषयी मला चटकन आदर वाटला. मुलांना मारू नये, असं तो त्या काळात लिहून गेला. लहानग्यांना हस्तिदंती अक्षरं खेळायला द्यावीत, म्हणजे लिपी आपोआप येते, असंही त्याचं मत. मी ईराला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "पुअर एलिफंट."

न्यूयॉर्क, रविवार

रविवारी शर्वरी मला न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात घेऊन गेली. रोमन दालनात काचेच्या छतातून ऊन येत होतं आणि दोन्ही बाजूंना संगमरवरी माणसं उभी होती. बहुतेकांची नाकं उडालेली. तरी प्रत्येकाचा चेहरा ओळखीचा वाटत होता. एक हुबेहूब आमच्या शिक्षणाधिकाऱ्यांसारखा, एक आमच्या हेडक्लार्कसारखा. मी प्रत्येकाला नाव देत चाललो होतो.

शर्वरी एका लहान मुलाच्या मस्तकापाशी थांबली. गाल गुबगुबीत, केस कपाळावर आणलेले. मुलगा कोण ते कुणाला माहीत नाही, असं पाटीवर लिहिलं होतं.

"मी इथे नेहमी थांबते, सर," ती म्हणाली. आणि तिथल्या बाकावर बसून तिने मला मास्तराच्या घरची गोष्ट सांगितली.

म्हातारपणाकडे झुकल्यावर त्याने शिकवणं थांबवलं आणि मूल बोलायला लागल्यापासून ते पुरता वक्ता होईपर्यंत त्याला कसं घडवावं, यावर मोठा ग्रंथ लिहायला घेतला. लग्न उशिरा झालेलं. बायको गेली तेव्हा तिची एकोणीस वर्षंही पुरी नव्हती. दोन मुलगे होते, त्यातला धाकटा पाचव्या वर्षी गेला. राहिला थोरला. हा ग्रंथ त्याच्याही उपयोगी पडेल, ही बापाची आशा. त्याला दहावं लागलं होतं. तोही आजारी पडला. आजारात तोच बापाला म्हणे, रडू नका. शेवटी शेवटी वातात बडबडायचा, तेही शाळेचं आणि अभ्यासाचं. आणि तोही गेला.

"ग्रंथ तेव्हा अर्धासुद्धा झाला नव्हता," शर्वरी म्हणाली. "सहाव्या भागाच्या सुरुवातीला त्याने हे सगळं लिहिलंय. आणि मग पुढचं प्रकरण सुरू केलं. मी जॉब करत असताना एका संध्याकाळी सहज हे भाषांतर वाचलं, सर. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये बसले होते आणि मला कुणाचंच बोलणं ऐकू येईना."

माझ्या खिशात विलासरावांना दिलेला शब्द होता आणि समोर ते मूल होतं. मला एकदम विलासरावांचा राग आला. ज्याची मुलगी धडधाकट जिवंत आहे, त्याने सहा वर्षं तिच्याशी बोलू नये म्हणजे काय?

बाहेर येऊन आम्ही पायऱ्यांवर बसून प्रेट्झेल नावाचा मोठा, पीळ घातलेला खारा पाव खाल्ला. चवीला तो फार काही नव्हता.

डायनर, सोमवार

राग आला तरी शब्द तो शब्द. सोमवारी सकाळी मी शर्वरीला म्हटलं, तुझ्याशी बोलायचंय. ती मला एका डायनरमध्ये घेऊन गेली. डायनर म्हणजे आपल्याकडच्या जुन्या हॉटेलासारखी जागा. कितीही वेळ बसा, कुणी उठवत नाही. कप अर्धा झाला की वाढणारी बाई न विचारता कॉफी ओतून जाते. इथली बाई चांगली सत्तरीची होती, नाव डेबी, आणि ती मलासुद्धा "हनी" म्हणत होती.

मी तीन मुद्द्यांचं भाषण तयार करूनच आलो होतो. पहिला आईवडिलांचा, दुसरा परक्या देशातल्या स्थैर्याचा, आणि तिसरा असा, की मेलेल्या भाषेची उठाठेव तिच्या नातेवाइकांनी करावी, कराडच्या मुलीने नव्हे. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे चढवायचा, सगळं ठरलेलं. शर्वरीने पॅनकेकला हात न लावता शेवटपर्यंत ऐकलं. मी कॉफी उचलली आणि मनातल्या मनात ढाल घेतली.

"मस्त झालं, सर," ती म्हणाली. "आता विरुद्ध बाजूने बोला."

"म्हणजे?"

"रोमच्या शाळांत असंच करायचे. एक राजा आहे, त्याची जहाजं वाऱ्यावाचून अडलीत, देव त्याच्या मुलीचा बळी मागतोय. राजाला सल्ला द्या. आज द्या म्हणा, उद्या देऊ नका म्हणा. तुम्हीपण वादविवाद स्पर्धेत आम्हाला दोन्ही बाजू करायला लावायचात. की तुम्हाला आता जमणार नाही?"

बाकी कसलाही मोह मी टाळला असता, पण जमणार नाही म्हटल्यावर मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मी कप खाली ठेवला आणि सुरू झालो. सुरुवात खेळ म्हणूनच केली. "विलासराव, तुम्ही काय करता? लोकांनी जळाली म्हणून टाकलेली मोटार उघडता, तार न् तार काढून पुन्हा भरता, आणि ती फिरायला लागली की तुमच्या तोंडावर हसू येतं. तुमची मुलगी दुसरं काय करतेय? दोन हजार वर्षांपूर्वी बंद पडलेला एक मास्तर तिने उघडून बसवलाय आणि तो पुन्हा बोलायला लागलाय. हा तुमचाच धंदा आहे. आणि मास्तर नको म्हणता? मास्तर होणं ही जर पोरीची घसरण असेल, तर मग माझं काय, विलासराव? माझी छत्तीस वर्षं काय होती?"

इथे माझा आवाज चिरकला. हे कुठल्याही पेन्सिलीने आखलेलं नव्हतं. मला खरंच वाईट वाटलं होतं, संगमावरच वाटलं होतं, आणि ते मी तीन आठवडे स्वतःपासून लपवलं होतं. शर्वरीचे डोळे भरले. आम्ही दोघेही पेपर नॅपकिन शोधू लागलो.

डेबी भांडं घेऊन शेजारीच उभी होती. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. कॉफी ओतत ती मला म्हणाली, "हनी, काय बोललात ते मला कळलं नाही. पण दुसरं बोललात ना, ते खरं वाटलं."

असा परीक्षक मला जिल्ह्यात कधी भेटला नव्हता. मी मुकाट्याने होम फ्राइज संपवले. ते बटाटे मात्र झकास होते.

"बाबांना काय सांगणार, सर?" निघताना शर्वरीने विचारलं.

"ते मी बघतो," मी म्हटलं. कसं बघणार ते मला ठाऊक नव्हतं.

प्राचीचं स्वयंपाकघर, बुधवार

शुक्रवारी शर्वरीचा डिफेन्स होता. पाच प्राध्यापकांसमोर उभं राहून आपल्या प्रबंधाविषयी वीस मिनिटं बोलायचं आणि मग ते विचारतील त्याला तोंड द्यायचं, असा तो प्रकार. बुधवारी ती प्राचीकडे सराव करायला आली. आल्या आल्या तिने स्टीलचा पेला आणि चमचा मागितला आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवलं.

"एकदा वाजवलं की सुरू, दोनदा वाजवलं की बंद," ती म्हणाली. "घरी बाबा असं करायचे. दुकानातून आले, चहा झाला, की त्याच पेल्यावर चमचा. एक शब्द बोलायचे नाहीत. पण मी चौथीपासून सातवीपर्यंतची सगळी भाषणं त्यांच्यासमोर म्हटलीयत."

हेही मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, ती माझी एकट्याची कमाई.

मी पेला वाजवला. ती बोलली. कागदावर भाषण नव्हतंच, फक्त पाचसहा शब्द होते. कुठे थांबायचं ते ती बोलता बोलता ठरवत होती. चांगलं झालं, पण मधला एक भाग मला खटकला. तो रोमन मास्तर एवढा सज्जन, वक्ता हा आधी चांगला माणूस असला पाहिजे असं बजावून सांगणारा, आणि त्याच ग्रंथात त्याने त्या वेळच्या बादशहाची तोंड फाटेस्तोवर स्तुती केली आहे. बादशहा कसला, तर ज्याच्या नावाने लोक चळचळा कापायचे. शर्वरीने हे सरळ सांगून टाकलं होतं.

मी सवयीने तांबडी पेन्सिल काढली. "हे गाळ," मी म्हटलं. "आपली दुबळी बाजू आपण उघडी करायची नसते."

ती हसली नाही. "सर, तो काय म्हणतो माहितीय? मास्तराने अशासाठी शिकवायचं, की पुढे मुलाला मास्तराची गरज पडू नये."

मी पेन्सिल खिशात ठेवली. एवढा वेळ जमिनीवर चित्र काढत बसलेली ईरा म्हणाली, "आय थिंक शी वन." प्राचीने तिला डोळे दाखवले आणि सगळ्यांना वरणभात वाढला.

गुरुवारी शर्वरीने डब्लिनच्या कॉलेजला होकार कळवला.

विद्यापीठ, शुक्रवार

आपल्याकडे अशा प्रसंगी हारतुरे, दीपप्रज्वलन आणि अध्यक्षांचं लांबलेलं मनोगत असतं. इथे एक साधी खोली, लांब टेबल आणि परीक्षा देणारीनेच आणलेलं खाणं. प्राचीने पहाटे उठून सांबारवड्या तळल्या होत्या. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मी पाच प्राध्यापकांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळ्या वड्या संपवल्या. त्यावरून मी निकालाचा अंदाज बांधत होतो.

शर्वरी उभी राहिली आणि अठरा मिनिटांत संपवलं. मग प्रश्न सुरू झाले. चार जणांचे प्रश्न तिने सहज परतवले. पाचवे एक वयोवृद्ध प्राध्यापक, काठी टेकून बसलेले. त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. हा तुमचा चांगला माणूस जुलमी बादशहाची खुशामत करत होता. मग त्याच्याकडून आज कुणी काय शिकायचं?

माझ्या खुणांप्रमाणे इथे उजवा हात उचलून आवाज चढवायचा होता. शर्वरीने तसं काही केलं नाही.

"त्याचं समर्थन मला करता येत नाही," ती शांतपणे म्हणाली. "मी प्रयत्न करून बघितला. तो घाबरला असेल. दरबारातल्या मुलांना शिकवत होता, एक चुकीचं वाक्य महागात पडलं असतं. पण घाबरलेल्या माणसानेच लिहून ठेवलंय, की मुलांना भीती घालून शिकवू नका. मी त्याला देव करायला इथे उभी नाही. तो जिथे कमी पडला ते दाखवायला मला त्यानेच शिकवलंय."

म्हाताऱ्या प्राध्यापकांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

इथल्या पद्धतीत मला हे सगळ्यांत क्रूर वाटलं. उमेदवाराला दाराबाहेर उभं करतात आणि आत तिचं भवितव्य ठरतं. शर्वरी भिंतीला टेकली. खिशातून तिने ती पांढरी पट्टी काढली आणि बोटाभोवती गुंडाळत, सोडत राहिली. वीस मिनिटांनी दार उघडलं. मार्था बाई हात पुढे करून म्हणाल्या, "डॉक्टर शिंदे."

टाळ्या मी एकट्यानेच वाजवल्या. जोरात वाजवल्या आणि थांबवेनात.

शनिवार, सकाळी साडेसात

पिस्कॅटवेत सकाळचे साडेसात म्हणजे कराडात संध्याकाळचे पाच. दुकानात चहा येण्याची वेळ. शर्वरी नाश्त्याला येणार होती, त्याआधी बोलून घ्यावं म्हणून मी प्राचीच्या स्वयंपाकघरातून फोन लावला. मुद्दे तयार केले नव्हते. दोनदा करायला बसलो आणि दोनदा उठलो.

"विलासराव, मी हरलो," मी म्हटलं.

पलीकडे मागे कुठेतरी मोटार फिरत होती.

"तुम्हाला दिलेला शब्द मला पाळता आला नाही. पोरीने मला विरुद्ध बाजूने बोलायला लावलं आणि मी माझ्याच बोलण्याने पटलो. ती काल डॉक्टर झाली. डब्लिनला मास्तरीण होणार आहे. तुम्हाला माझा राग येईल, येऊ द्या. संगमावर तुम्ही जे बोललात त्याचा मलाही आला होता, आणि तेव्हा मी बोललो नाही, ही माझी चूक."

मग मी त्यांना त्या रोमन मास्तराच्या घरची गोष्ट सांगितली. बाकावर बसून मी जशी ऐकली तशीच, आवाज न चढवता.

"केवढा होता म्हणालात थोरला?" विलासरावांनी विचारलं.

"दहावं लागलं होतं."

"आणि तरी लिहिलं त्यानं?"

"लिहिलं. दुसऱ्यांच्या पोरांसाठी."

मागची मोटार कुणीतरी बंद केली. एवढ्यात शर्वरी दारातून आत आली. माझ्या हातातला फोन आणि माझा चेहरा बघून तिथेच थांबली. मी फोनचा स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर ठेवला.

"सर," विलासराव म्हणाले, "वेळेत संपवलं का तिने?"

"वेळेआधी," मी म्हटलं. "विलासराव, ती इथेच उभी आहे."

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग काहीतरी चाचपल्याचा. दुकानात चमचा कुठला, स्क्रू ड्रायव्हर असावा. काचेच्या ग्लासावर तो एकदाच वाजला.

शर्वरीने बॅग खाली टाकली. पाठ ताठ केली, दोन्ही हात बाजूला नेले, पाय जुळवले. चौथीतल्या मुलीसारखी ती प्राचीच्या फ्रीजसमोर उभी राहिली.

"अध्यक्ष महाशय," ती म्हणाली, आणि फोनकडे वळली. "बाबा..."

मी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात निघून गेलो. हरणं आली होती. दोनदा वाजण्याची वाट बघत मी तिथे उभा राहिलो. चहा गार झाला, हरणं मिलिंदचे उरलेसुरले ट्यूलिप खाऊन गेली, पण पलीकडून ग्लास पुन्हा वाजला नाही.